शिक्षण परिषदेला मुलांच्या वह्या घेऊन या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यातला बराच वेळ पीपीटी आणि ‘निपुण भारत’ची (तिसरीपर्यंत मुलांचं वाचन, लेखन, गणित पक्कं करण्याच्या मोहिमेची) उद्दिष्टं वाचण्यात जातो. लेखन शिकवायला खरी मदत होते ती मुलांच्या वह्या चार जणांनी मिळून वाचल्यावर, आणि त्याला दीड तास पुरतो.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, पाच-सहा शिक्षकांचा गट करा. प्रत्येकाने दुसरी-तिसरीच्या तीन वह्या आणायच्या: सफाईने लिहिणाऱ्या मुलाची, मधल्याची आणि अडखळणाऱ्याची. नावं झाकून. पान मुलाने मनाने लिहिलेलं हवं. फळ्यावरून उतरवलेल्या पानात पाहण्यासारखं काहीच नसतं. आधी लाल पेन बाजूला ठेवून पान मोठ्याने वाचा. मुलाला काय सांगायचंय? क्रम लागतो का? शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की ऱ्हस्व-दीर्घाच्या वादातच तास संपतो.

आता चूक जवळून पाहू. नवी मुंबईतल्या दिघा, ऐरोली, घणसोलीच्या वर्गांत ‘पाणी’चं ‘पानी’ हमखास सापडतं. घरी आगरी बोलणारं मूल तसं लिहितं, कारण त्याच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. वस्तीत हिंदी बोलणारंही तसंच लिहितं, कारण त्याचा शब्दच ‘पानी’ आहे. आगरी मुलाच्या वहीत सोबत ‘शाळा’चं ‘शाला’ आणि ‘गाडी’चं ‘गारी’ही दिसेल. दहा वेळा लिहून घेण्याची शिक्षा दोघांनाही निरुपयोगी आहे. मन-मण, काल-काळ, वेल-वेळ अशी कार्डं समोर मांडा, एक शब्द उच्चारा आणि मुलाला कार्ड दाखवायला सांगा. बरोबर दाखवलं तर कानाला फरक कळतोय, फक्त लिहिण्याचा सराव हवा. चुकलं तर आधी ऐकण्या-बोलण्याचे खेळ घ्या, लेखन नंतर. आणि बोलीला ‘अशुद्ध’ म्हणू नका. ज्याची घरची भाषाच चुकीची ठरते, ते मूल दोन ओळींवर लिहायचं थांबतं.

दर मुलामागे एकच मुद्दा ठरवा. पुढच्या महिन्यात त्याच मुलाची वही पुन्हा आणा, नाहीतर काय बदललं ते कळणारच नाही.

केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, एक कळकळीची विनंती: या वह्यांवरून गुण, श्रेणी, अहवाल काहीही मागू नका. मागितलात, की पुढच्या वेळी सगळे आपापल्या वर्गातली सर्वांत सुबक वहीच घेऊन येतील.