मामाची दिव्यावरची ड्युटी

माझा मामा फायरमन होता. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आम्हा भाचरांसाठी तो शेवटपर्यंत बंबवाला मामाच. लहानपणी शाळेत मी त्याच्या नावावर इतक्या थापा मारल्यात की विचारू नका, अमुक मजल्यावरून बाळ काढलं, तमुक ठिकाणी छपरावरून उडी मारली वगैरे. तो स्वतः मात्र कधीच काही सांगायचा नाही. "वर्दी आली, गेलो, आलो." संपलं. (फायर ब्रिगेडमधे आगीचा कॉल आला की वर्दी आली म्हणतात, मला कितीतरी वर्षं वाटायचं हा सारखा युनिफॉर्मबद्दल काय बोलतोय.)

आता तो गेला आणि मला बंब वगैरे काही आठवत नाही, आठवतो तो त्याचा संध्याकाळचा दिवा. रोज हातपाय धुवून देवापुढे दिवा लावायचा, दोन स्तोत्रं म्हणायचा, अत्यंत बेसूर पण पार मनापासून, आणि मग तिथेच भिंतीला टेकून बसून राहायचा. वात संपेपर्यंत. फोन वाजू दे, पाहुणे येऊ दे, मामी आतून दहा हाका मारू दे, हा हलायचा नाही. आम्हाला वाटायचं काय ही भक्ती! भक्ती होतीच, त्यात वाद नाही, नोकरीत असतानाही शर्टाच्या खिशात देवाचा छोटासा फोटो असायचा, लॅमिनेशन कडेनं पार वाकडं झालेलं. पण एकदा मी विचारलंच की एवढा वेळ मनात काय म्हणतोस रे, तर म्हणाला, "काही नाही, लक्ष ठेवतोय. पेटती ज्योत एकटी सोडून उठायचं नसतं." मग पडदा किती लांब आहे, तेल सांडलं तर उतार कुणीकडे, सगळं दाखवलं. देवघराजवळचा तो पडदा मामीनं हौसेनं शिवलेला, यानं खालून वीतभर कापला होता. त्यावरून झालेलं भांडण आमच्या घरात अजून फेमस आहे.

आणि तो दिवा विझला असं कधी म्हणायचा नाही, शांत झाला म्हणायचा. तसं सगळेच म्हणतात, देवापुढचा दिवा विझला म्हणू नये. पण हा आगीबद्दलही तेच म्हणायचा. रात्रभर ड्युटी करून सकाळी काळा ठिक्कर होऊन दारात उभा, मामी विचारणार "अहो, एवढा उशीर?" तर हा, "पहाटे शांत झाली." जणू कुणीतरी रडत होतं आणि हा थोपटून आला.

घरात मात्र तो छळवादी होता, खरं सांगते. कढईतलं तेल पेटलं तर काय करायचं हे आम्हा भावंडांकडून तोंडपाठ करून घेतलेलं: पाणी नाही, गॅस बंद, वर झाकण, आणि झाकण लगेच उचलून बघायचं नाही. धूर वर जातो, श्वास घेण्यासारखी हवा खाली जमिनीलगत असते, म्हणून रांगत बाहेर पडायचं, तर त्यासाठी सुट्टीत आम्हाला डोळे मिटून हॉलभर रांगायला लावायचा. बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघायची, तळवा नाही, कारण दार तापलेलं असलं आणि तळवा भाजला तर मग रांगणार कशावर? हॉटेलात गेलो की खोलीपासून जिन्यापर्यंत मधे किती दारं आहेत ती मोजून यायचा, धुरात दिसत नाही, हातानं चाचपत जावं लागतं म्हणून. लग्नाच्या हॉलमधे आधी बाहेर जायचे रस्ते, मग नवरानवरी. माझ्या लग्नाच्या फोटोत तो चक्क दाराकडे बघतोय.

वर्षातून एकदा मात्र दोन दिवे लागायचे. १४ एप्रिलला. १९४४ साली याच तारखेला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली, आत कापसाच्या गाठी आणि स्फोटकं, दोन्ही एकाच जहाजात, आणि आग विझवता विझवता जहाजच फुटलं. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. हा दिवस आता देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. मामाचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता, पण बोलायचा असा की कालच शिफ्ट बदलून गेलेत. "आपल्या लोकांचा" म्हणून दुसरा दिवा, आणि त्या दिवशी स्तोत्र नाही, नुसता गप्प.

तो गेला त्या रात्री मामीनं त्याच्या जागी दिवा लावला, रात्रभर ठेवायचा म्हणून. अकरा वाजून गेले, सगळे रडून रडून थकलेले, जो तो कोपरा बघून आडवा व्हायला लागला, तेवढ्यात मामी उठून बसली आणि म्हणाली, "अरे, दिवा एकटा आहे." बास, कुणी काही बोललंच नाही. मामेभावानं कागद घेतला आणि दोन दोन तासांच्या ड्युट्या लावल्या, धाकट्यानं पाण्याची बादली आणून ठेवली, कुणीतरी खिडकीचा पडदा वर करून गाठ मारली. माझी ड्युटी दोन ते चार होती. भिंतीला टेकून बसले होते, तिथे त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे.