टर्मिनस की टर्मिनल?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्रजीच्या शिकवण्या घेते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि तोही बहुतेक वेळा लोकलच्या गर्दीत: वांद्र्याला टर्मिनस म्हणतात, मग विमानतळावर टर्मिनल का? दोन्हींत फरक काय?

मोबाइलवर फिरणारं उत्तर बऱ्याच जणांना पाठ असतं. रूळ संपले की अमुक, गाडी पुढे जात असली की तमुक. पण भाषेत असा काही नियम नाही. चर्चगेटला रूळ चक्क संपतात, तरी त्याच्या नावात दोन्हींपैकी एकही शब्द नाही. लॅटिनमध्ये टर्मिनस हे नाम आणि त्यावरून झालेलं विशेषण म्हणजे टर्मिनल, एवढीच गोष्ट. इंग्रजीने दोन्ही उचलले आणि पुढे विशेषणालाही नामाचं काम लावलं. ब्रिटिश रेल्वेवाले टर्मिनस म्हणत राहिले, अमेरिकेत टर्मिनल रुळलं. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल अधिकृतपणे टर्मिनलच आहे. आपल्या बोरीबंदरावर ब्रिटिशांची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे, त्यामुळे १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात नाव पडलं व्हिक्टोरिया टर्मिनस. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया जाऊन छत्रपती शिवाजी आले, २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडलं गेलं. टर्मिनस मात्र जागचं हललं नाही.

न हलणं हा तर त्याचा मूळ स्वभाव! टर्मिनस हा रोमन लोकांचा शिवेचा देव. त्याची मूर्ती म्हणजे दोन शेतांमधला दगड. रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवर ज्युपिटर या रोमनांच्या मुख्य देवाचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं, तेव्हा तिथले बाकीचे देव जागा सोडून गेले, हा एकटा उठेना, अशी कथा आहे. शेवटी त्याला आत ठेवूनच देऊळ बांधलं, आणि शिवेच्या देवाला उघडं आभाळ हवं म्हणून त्याच्या डोक्यावर छपराला भोक ठेवलं. देवळात हट्टाने राहिलेला भाडेकरूच म्हणायचा.

२३ फेब्रुवारीला त्याचा सण. दोन्ही शेजारी आपापल्या बाजूने येऊन दगडाला हार घालत, बळी देत, मग एकत्र जेवत. मला या सणाचं फार कौतुक वाटतं. वर्षातून एकदा तरी बांधावर दोघांनी मिळून जेवायचं, हे आपल्याकडच्या भावकीला सांगून बघा! अर्थात रोमन शेतकरीही काही साधुसंत नसणार, कारण कायदा होताच. रोमच्या प्राचीन नुमा राजाच्या नावावर सांगितला जाणारा नियम असा की नांगरताना जो शिवेचा दगड उखडेल, तो आणि त्याचे बैल, दोघेही शापित. बांध कोरणारे तिथेही होते, म्हणायचं.

तर मूळ अर्थ शेवट नव्हे, शीव. हे धरून चाललं की या शब्दाचा गोतावळा आपोआप ओळखीचा होतो. टर्म म्हणजे आधी मर्यादा. वेळेची मर्यादा म्हणून कॉलेजची टर्म आणि बँकेतलं टर्म डिपॉझिट. व्यवहाराची मर्यादा म्हणून टर्म्स अँड कंडिशन्स, जे आपण न वाचता मान्य करतो. डिटरमाइन म्हणजे हद्द आखून देणं, म्हणून ठरवणं. सगळ्यांत अंगावर येतो तो एक्स्टरमिनेट. आधी त्याचा अर्थ शिवेबाहेर घालवणं, हद्दपार करणं इतकाच होता. समूळ नष्ट करणं हा अर्थ नंतरचा. हद्दपारीपासून संहारापर्यंत एका शब्दाने केलेला हा प्रवास मुलांना शिकवताना मी जरा थांबतेच.

आणि हो, हा देव तुमच्या सोसायटीच्या आवारातही असेल. मुंबईत रस्तोरस्ती दिसणारं देशी बदामाचं झाड शास्त्रीय नावाने टर्मिनॅलिया कटाप्पा. या झाडांची पानं फांदीच्या टोकाशी गुच्छाने येतात, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने अठराव्या शतकात या प्रजातीला टर्मिनॅलिया नाव दिलं. अर्जुन, ऐन आणि किंजळ त्याच कुळीतले. हिरडा आणि बेहडाही. म्हणजे त्रिफळा चूर्णातले तीनपैकी दोन घटक टर्मिनॅलिया, फक्त आवळा परका.

एक उपप्रश्न नेहमी राहतो, अनेकवचन काय? लॅटिन धाटणीने टर्मिनाय, इंग्रजी धाटणीने टर्मिनसेस. परीक्षेत दोन्ही चालतात. मराठीत मी बेधडक टर्मिनसं म्हणते.