सबब खरी असली तरी

चारचौघांत बोलता येत नाही, मग प्रभूची सेवा कशी करू, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर मी आपणहून तोंड उघडत नाही. उपासना सुटली की चर्चच्या आवारात चहा होतो, गप्पा होतात, आणि कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन म्हणतं, "सिस्टर, प्रभूची सेवा करावी असं फार वाटतं हो. पण नोकरी आहे, घरात आजारपण आहे, शिक्षण बेताचं. चारचौघांत मला साधी प्रार्थनाही करता येत नाही. देव समजून घेईल ना?" मी इस्पितळात नर्स होते, निवृत्त झाले तरी 'सिस्टर' काही सुटलं नाही. हाच प्रश्न पाळकसाहेबांना विचारला तर ते त्याच पावली व्हीबीएसच्या, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या, यादीत नाव घालतील, म्हणून तो माझ्याकडे येतो, हेही मला ठाऊक आहे.

तर माझं उत्तर असं, की देव समजून घेईल. मात्र समजून घेतलं म्हणून त्याने माणसाला सोडून दिलं, असं पवित्र शास्त्रात मला फारसं सापडत नाही.

मोशेचंच बघा. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून इस्राएल लोकांना सोडवून आण, असं देवाने त्याला सांगितलं. बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाचा तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत वाचा. व्यासपीठावरून आपण नेहमी ऐकतो की मोशेने सबबी सांगितल्या, आणि ऐकताना वाटतं, हा गडी थापा मारत होता. तो थापा मारत नव्हता. मिसरी माणसाला मारून तो मिसरातून पळालेला होता. त्यानंतरचं सगळं आयुष्य सासऱ्याची मेंढरं राखण्यात गेलं होतं, आणि मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा वय होतं 80. 'मी कोण जाणारा?' 'ते तुझं नाव विचारतील, तर काय सांगू?' 'ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत.' 'मी बोलायला जड आहे.' यातलं एकही कारण बनावट नाही. देवानेही त्यातलं एकही खोडून काढलं नाही. 'अरे, तू तर छान बोलतोस' असं तो म्हणाला नाही, आणि त्याची जीभही मोकळी केली नाही. प्रत्येक वेळी उत्तर फिरून तिथेच येतं: मी तुझ्याबरोबर असेन, तुझ्या मुखाला साहाय्य करीन. मोशे स्वतःबद्दल बोलत राहतो आणि देव त्याच्याबद्दल बोलतच नाही. मला हा संवाद फार आवडतो.

आता देव रागावला कधी ते पाहा. चार कारणं त्याने ऐकून घेतली, चारही वेळा उत्तर दिलं. पाचव्या वेळी मोशेजवळ कारणच उरलं नव्हतं. तो म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तेव्हा देवाचा राग भडकला. त्या रागातही त्याने काय सांगितलं? तुझा भाऊ अहरोन चांगला बोलतो, आणि तो तुला भेटायला निघालेलाच आहे. इकडे मोशे नाही म्हणत होता आणि तिकडे अहरोन वाटेला लागला होता.

म्हणून कुणी मला कारण सांगितलं की ते खोटं आहे हे सिद्ध करायच्या भानगडीत मी पडत नाही. कारणं बहुतेक खरीच असतात. नगरपासून पुण्यापर्यंत रोज ये-जा करणाऱ्याला वेळ नाही, हे काय मी त्याला पटवून द्यायचं?

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला मेजवानीचा दाखला घ्या. बोलावलेल्या पाहुण्यांपैकी एकाने शेत घेतलंय, एकाने बैलांच्या पाच जोड्या, एकाचं नुकतंच लग्न झालंय. पहिले दोघं माफी मागतात, तिसरा सरळ 'येता येत नाही' म्हणतो. हा दाखला मी कितीदा ऐकला असेल, पण एकदा जुन्या करारातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक वाचताना विसाव्या अध्यायात थबकले. तिथे लढाईला जाण्यापासून कुणाला सूट आहे ते लिहिलंय. नवं घर बांधून ज्याने अजून त्याची प्रतिष्ठा केली नाही, द्राक्षमळा लावून ज्याने अजून फळ चाखलं नाही, वाङ्निश्चय होऊन ज्याचं अजून लग्न झालं नाही, अशांनी घरी परत जावं. चोविसाव्या अध्यायात तर नव्या नवऱ्याला वर्षभर सूट आहे. नवी मालमत्ता आणि नवा संसार! दाखल्यातल्या पाहुण्यांनी जवळजवळ त्याच सवलती पुढे केल्या. फरक एवढाच, की ती सूट लढाईपासून होती आणि यांना आमंत्रण होतं जेवणाचं.

यात थोडा दोष आम्हा मंडळीवाल्यांचाही आहे. सेवेचं आमंत्रण आम्ही लढाईवर बोलावल्यासारखं देतो. आवाज चढवून, 'पीक पुष्कळ आहे, कामकरी थोडे' म्हणत, समोरच्याला अपराधी वाटेपर्यंत. मग माणूस सवलत शोधणारच.

"माझं शिक्षण नाही" म्हणणाऱ्या बायकांना मी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण देते. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक 1919 साली गेले तेव्हा येशूच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. पण मोठी नावं घेण्यात एक धोका आहे. "त्या कुठे आणि आम्ही कुठे!" ही पुढची सबब तयारच असते. पंडिता रमाबाईंचं नाव काढलं की हमखास. तेव्हा मी म्हणते, रमाबाई नका होऊ. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्या 1922 मध्ये गेल्या आणि ते ग्रंथरूपाने बाहेर आलं 1924 साली. पण त्यासाठी केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या होत्या तिथल्याच मुली आणि बायका. त्या कामाला हिब्रू लागत नव्हतं, चांगली नजर आणि चिकाटी लागत होती.

घरातल्या आजारपणाचं मात्र वेगळं आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी बाई मला विचारते, "सेवेला वेळ देता येत नाही, पाप लागेल का?" तेव्हा मला तिचा नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यात भरवणाऱ्यांचा राग येतो. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूशांवर, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर, रागावला तो याच्या नेमक्या उलट सबबीवरून. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' केलं, म्हणजे देवाला वाहिलं, असं म्हणून ते मोकळे होत. देवाचं नाव सांगून घरातलं कर्तव्य टाळणं ही त्याच्या लेखी सबब होती. अशा बाईला महिला मंडळाने बैठकीला ओढण्यापेक्षा बैठक संपवून दोघींनी तिच्या घरी जावं आणि तिला तासभर झोपू द्यावं. थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्यालाही देवाने आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. काम त्यानंतर सांगितलं.

राहिलं चारचौघांत न बोलता येणं. हे कारण सर्वांत जास्त ऐकू येतं, कारण सेवा म्हणजे बोलणं असं आपण धरून चाललोय. उपदेश, साक्ष, लांबलचक प्रार्थना. वॉर्डात असताना मी अशा भेटी पुष्कळ पाहिल्या. पाच-सहा जण बायबल घेऊन यायचे, खाटेभोवती उभे राहायचे, मोठ्या आवाजात प्रार्थना व्हायची, शेजारच्या खाटेवरचा पेशंट तोंडावर चादर ओढायचा. पेशंटला बरं वाटायचंही, खोटं कशाला बोलू. पण त्यातला कुणी एखादा मागे रेंगाळायचा. तांब्या भरून ठेवायचा, खाली जाऊन औषधं आणायचा, नातेवाइकाला म्हणायचा, "तुम्ही जेवून या, मी बसतो." दुसऱ्या दिवशी पेशंट मला विचारायचा तो त्याच्याबद्दल: "ते कालचे भाऊ येणार आहेत का आज?"

तुम्ही म्हणता तुम्हाला बोलता येत नाही. ठीक आहे, बोलू नका. दर गुरुवारी संध्याकाळी भेटीच्या वेळेत आम्ही काही जणी सिव्हिलला जातो. बोलणारी आमच्यात एक आहे, ती सगळ्यांना पुरते. बाया-बापड्यांच्या वेण्या घालायला, केसपेपर घेऊन रांगेत उभं राहायला आणि रात्री खाटेशी बसायला माणसं कमी पडतात. पाच वाजता फाटकाशी या, डबा आणलात तर दोन भाकरी जास्त आणा.