अंगठा आईचा, साक्षीदार कोणाचा?

आईला लहानपणी सांधे धरून ताप आला होता. डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटिक फीवर. त्यात हृदयाची झडप अरुंद झाली, पुढे ठोके बिघडले. आत गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर लकवा. 2018 साली डॉक्टर म्हणाले, इन्व्हिक्टस नावाची ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, चालू आहे. रक्त पातळ करायची जुनी गोळी बरी की नवी रिव्हारॉक्सॅबान, ते बघतायत. इको, रक्त, सगळं एका दिवसात उरकलं. अडलं ते संमतीपत्रावर.

आई अंगठा लावते. अशा वेळी माहिती वाचून दाखवताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत तटस्थ साक्षीदार हजर लागतो. म्हटलं, मी आहे की! "तुम्ही मुलगा, चालणार नाही." मग सिस्टर? "त्या आमच्याच." पहिली खेप फुकट. दुसऱ्या खेपेला इकोच्या रांगेतले एक काका तयार झाले, तर तिसऱ्या पानावर त्यांचाच नंबर पुकारला. काका गेले ते गेलेच. माझं डोकं इतकं तापलं की केसपेपर फाडणार होतो. तिसऱ्या खेपेला गावातल्या निवृत्त मास्तरांना एसटीने घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून पानोपान ऐकलं आणि वर शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.

तरी संपलं नाही. व्यवसायाच्या रकान्यात ट्रायलच्या मॅडमनी 'गृहिणी' लिहिलं. आई म्हणाली, "आन् रानात राबते ते?" खोडून 'शेती' केलं. पुढचा रकाना नॉमिनीचा. ट्रायलमुळे जीव गेला तर भरपाई कोणाला, त्यासाठी. आईने अंगठा मागे घेतला. मास्तर म्हणाले, "अगं, बँकेतपण विचारतात की. लाव."

तेव्हा अंगठ्याचा पेशंट असेल तर साक्षीदार घरूनच न्या. नात्यातला नको, दिवसभर बसणारा हवा. संमतीपत्राची प्रत मागून घ्या, तो आपला हक्क आहे. एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटच्या हिताकडे बघणाऱ्या समितीचा, फोन त्यातच असतो; मला तो घरी आल्यावर दिसला.

कोणती गोळी ते कॉम्प्युटर ठरवतो. आईला जुनीच आली. म्हणजे दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी), तो 2 ते 3 मध्ये ठेवायचा, त्यासाठी मेथी-पालक एकदम वाढवायची नाही की तोडायची नाही. नव्या गोळीला यातलं काही नाही, म्हणून बदलून मिळेल का असंही मी हळूच विचारून पाहिलं. नाही मिळाली.

हो, आधीच सांगायला हवं होतं: ट्रायल खरी आहे का ते सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर बघा, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये निकाल आला. 24 देश, साडेचार हजारांवर पेशंट, आणि जुन्या गोळीवाल्यांत मृत्यू कमी. मी आईला सांगितलं, बरं झालं बदलून मिळाली नाही ते.

ती म्हणाली, "मास्तरांना कळवलंस का?"