जोडीनं पळा, पण खिसे वेगळे ठेवा

जोडीनं मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. चाल एक, म्हणून खाणंही एक. एकाच्या घड्याळाचा गजर वाजला की दोघंही जेल (पळताना गिळायच्या साखरेच्या पाकाची पुडी) फोडतात, एकाला तहान लागली की एकच बाटली दोघांत फिरते. हाफ मॅरेथॉनला हे खपून जातं. फुलला मात्र तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पितळ उघडं पडतं, आणि तिथं दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो.

आधी हिशेब पाहू. पळताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दर किलोमीटरला ढोबळमानानं एक किलोकॅलरी लागते. म्हणजे 72 किलोच्या गड्याला 42.195 किलोमीटरला तीन हजारांच्या आसपास, 54 किलोच्या बाईला तेवीसशेच्या आसपास. यकृत आणि स्नायूंत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरानं साठवलेल्या साखरेचा, साठा असतो साधारण 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे 1600 ते 2000 किलोकॅलरी. लहान चणीच्या माणसात त्याहून कमी. उरलेला भार चरबी उचलते, पण चाल जितकी अंगावर येईल तितका तिचा वाटा घटतो. जोडीचं गणित इथंच बिघडतं. किलोमीटरला 6 मिनिटं 24 सेकंदांची चाल एकाला गप्पा मारण्याजोगी असते, दुसऱ्याला धाप लावणारी. त्या दुसऱ्याचं ग्लायकोजेन भराभर संपतं, आणि रक्त पायांकडं वळल्यामुळं त्याच्या पोटात गेलेलं पुढं सरकत नाही. ज्याला जास्त लागतं त्यालाच कमी पचतं! म्हणून चाल नेहमी कमी दमाच्या माणसाची धरायची. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय का, एवढी कसोटी पुरते.

आदल्या दोन दिवसांचं खाणं मात्र वजनावर चालतं. दिवसाला किलोमागे 8 ते 10 ग्रॅम कर्बोदकं धरली तर 72 किलोला कमीत कमी 575 ग्रॅम, 54 किलोला 430. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत (150 ग्रॅम) 40 ते 45 ग्रॅम असतात, एका पोळीत 20 च्या आसपास. नुसत्या पोळ्यांवर हा आकडा गाठणं अवघड, म्हणून भात, बटाटा, केळी, साखरेचं सरबत यांचा आधार घ्यावा. साबुदाण्याची खिचडी बरी वाटते, पण दाण्याचं कूट आणि तूप जास्त असेल तर पोट भरतं आणि आकडा भरत नाही. मोडाची उसळ आणि तर्री या दोन दिवसांत नको. नाशिकमध्ये रविवारच्या लाँग रनचा (आठवड्यातल्या सर्वांत लांब सरावाचा) शेवट मिसळीवर होतो, तो होऊ द्या, पण पळून झाल्यावर. या दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोनं वाढतं, कारण प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी साठतं. त्याला घाबरून जेवण कमी करू नये.

शर्यतीतलं खाणं वजनावर चालत नाही, घड्याळावर चालतं. आतड्यातून ग्लुकोज शोषलं जाण्याला मर्यादा आहे, तासाला सुमारे 60 ग्रॅम, आणि ती 54 किलोला आणि 72 किलोला जवळपास सारखीच. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेनं शोषलं जातं, म्हणून दोन्हींचं मिश्रण असेल तर सरावलेलं पोट 90 पर्यंत जातं. साडेचार तासांच्या धावकाला तेवढ्याची गरज नाही. तासाला 50 धरा. 22 ग्रॅम कर्बोदकांचं जेल दर 25 मिनिटांनी घेतलं की तासाला 53 होतात. 25 व्या मिनिटापासून 225 व्यापर्यंत नऊ जेल, म्हणजे शेवटचं पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच. ज्याचं पोट डिवचलं जातं त्यानं दर 12-13 मिनिटांनी अर्धं घ्यावं. एकूण तेवढंच, पण पोटावर एकदम ओझं नाही. अर्थात त्याचा गजर वेगळा. याची सवय पाच-सहा आठवडे आधी लावायची: तासाला 30 ग्रॅमनं सुरुवात, मग दर लाँग रनला 10 ग्रॅम वाढवायचे.

जेल घेताना सोबत 150 ते 200 मिली साधं पाणी, इलेक्ट्रोलाइट ड्रिंक नाही. गोडावर गोड गेलं की पोटातलं मिश्रण घट्ट होतं, पाणी आतड्याकडं उलटं ओढलं जातं आणि मळमळ सुरू होते. शर्यतीत उलटी झाली की लोक जेलच्या ब्रँडला दोष देतात. बहुतेक वेळा चूक पाण्याची असते.

घरचं हवं असेल तर अर्ध्या लिटर पाण्यात 30 ग्रॅम गूळ, अर्धं लिंबू आणि अर्ध्या पाव चमच्याएवढं, म्हणजे पाऊण ग्रॅम मीठ. हे सहा टक्क्यांचं द्रावण झालं. आठच्या वर नेऊ नका. गुळात रेती-चोथा असतो, तो सॉफ्ट फ्लास्कच्या (पळताना न्यायच्या मऊ बाटलीच्या) तोंडात अडकतो. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. रात्री करून बाहेर ठेवलं तर आंबतं, फ्रिजमध्येच ठेवा. मनुका हा नाशिककरांचा हक्काचा खाऊ: 30 ग्रॅम मनुकांत 23-24 ग्रॅम कर्बोदकं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास निम्मं-निम्मं. पण चावताना श्वास तुटतो, दातांत चिकटतात, म्हणून शर्यतीच्या पहिल्या अर्ध्यापर्यंतच. चिक्की अजिबात नको, दाण्यातली चरबी पोट जड करते. ओआरएस हे इंधन नव्हेच. एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं. ते मीठ भरून काढायला आहे, पाय चालवायला नाही.

पाण्याबाबत हवामानाची पंचाईत आहे. डिसेंबरात नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे हात गारठलेले असतात, घाम तासाला अर्धा लिटरही येत नाही. त्याच मापानं जानेवारीत मुंबईला पळायला गेलात तर फसाल. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, अंग थंड होत नाही म्हणून आणखी सुटतो. म्हणून घामाचं माप ऑक्टोबर हीटमध्ये घ्यावं. तासभर शर्यतीच्या चालीनं पळा, आधी आणि नंतर कपड्यांशिवाय, अंग पुसून वजन करा. 71.4 वरून 70.5 झालं आणि मध्ये 300 मिली प्यायलात, तर घाम 1.2 लिटर. दोघांनी वेगवेगळं मोजायचं. एकाच रस्त्यावर दुप्पट फरक निघू शकतो. सगळं भरून काढायचं नसतं. बहुतेकांचं तासाला 400 ते 800 मिलीत भागतं, आणि शेवटी वजन सुरुवातीपेक्षा वाढता कामा नये.

लाँग रनसाठी त्र्यंबक रोड धरलात तर जाताना रस्ता हळूहळू चढत जातो, श्रम जाण्याच्या टप्प्यात पडतात. जेल चढाच्या आधी घ्या, चढावर नको. परतीच्या उतारावर पोट डचमळतं, तिथं घोट लहान ठेवा.

मग जोडीदाराचं काम काय? नजर ठेवणं. जेल घेतलं की रिकामं पाकीट दाखवायचं, 'घेतलं' एवढं तोंडी ऐकून सोडायचं नाही. दर पाच किलोमीटरला एक सोपं गणित विचारायचं: आता 27 झाले, उरले किती? उत्तर चुकलं, किंवा 'गप रे' असं चिडून आलं, तर साखर उतरतेय असं धरा. दोन-तीन मिनिटं चाला, एक जेल, पाणी, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं चाल उतरवा. स्वतःच्या खिशात जोडीदाराला सोसणारं एक जादा जेल असू द्या, तुमच्या आवडीचं नव्हे. कॅफिनवालं असेल तर त्यानं ते सरावात घेतलेलं हवं.

बोटं सुजली, अंगठी रुतायला लागली, डोकं ठणकतंय, मळमळतंय आणि माणूस दर एड स्टेशनला (वाटेतल्या पाण्याच्या थांब्याला) पाणी पितोय, तर आणखी पाणी देऊ नका. रक्तातलं सोडियम पातळ झाल्याची ती खूण असू शकते. थेट मेडिकल टेंट गाठा. बोलणं असंबद्ध झालं, पाय वेडेवाकडे पडू लागले तर थांबवा, मदत बोलवा, तोंडात जेल कोंबू नका. आणि सुरुवातीआधी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेऊन निघायची जी पद्धत पडलीय ती सोडा, पाणी कमी पडलेल्या शरीरात ते मूत्रपिंडाला आणि पोटाला महागात पडतं.

एक गोष्ट मात्र घरीच ठरवून घ्या: 32 किलोमीटरच्या पुढं एकाची चाल तुटली आणि तो नीट बोलतोय, नीट चालतोय, तर दुसऱ्यानं पुढं जायचं की थांबायचं. तिथं रस्त्यावर, थकलेल्या डोक्यानं हा वाद घालू नका. जाणाऱ्यानं आपलं जादा जेल मागच्याच्या हातात देऊन जावं.