एक तुला, एक मला

दुपारचे तीन वाजलेत, लाईट गेलीय, आणि आमचं अख्खं घर मधल्या खोलीत फरशीवर लोळतंय. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच, सासूबाई चटईवर पदराने वारा घेतायत, मनी म्हणजे आमची मांजर माठाच्या तिवईखाली जिथं पाणी ठिबकतं बरोब्बर तिथं, आणि वाघ्या म्हणजे आमचं कुत्रं मोरीत. उन्हाळ्यात वाघ्याला मोरीच लागते, ओल्या फरशीला पोट लावून मागचे दोन पाय बेडकासारखे पसरून पडतो, आणि कुणी आंघोळीला गेलं की बाहेर येऊन दारात बसून राहतो, माझी जागा कधी मोकळी करताय म्हणून.

सांगलीचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. एप्रिल अर्धा झाला की पारा 40ला टेकतो, मग एखादा वळीव येतो, तासभर मातीचा वास आणि गार वारं, आणि दुसऱ्या दिवशी डबल उकाडा. पोरांच्या परीक्षा संपल्यात, शाळा आता जूनच्या मध्यापर्यंत नाही, म्हणजे दोन पोरं आणि दोन जनावरं दिवसभर माझ्याजवळ, आणि खरं सांगते मला हे दिवस फार आवडतात. वर्षभर डबा, रिक्षा, होमवर्क ह्यात पोरं नीट दिसतच नाहीत.

कुत्र्याचं उन्हाळ्यात कसं असतं की त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजाच्या गादीला येतो तेवढाच, बाकी बरीचशी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकूनच घालवायची. म्हणून आम्ही फिरायला सकाळी सहाला जातो आणि संध्याकाळी साडेसात वाजल्याशिवाय नाही. ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. थोरलीला मी एकदा दाखवलं, हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकव आणि सातपर्यंत मोज, टेकवून ठेवता आला तर वाघ्याचे पाय भाजणार नाहीत. आता रोज गेटबाहेर पडलं की ही आधी उकिडवी बसते, हात टेकवते, मोठ्यांदा मोजते, आणि वाघ्या शेजारी उभा राहून तिच्या तोंडाकडं बघत राहतो. चारच्या पुढं मोजता आलं नाही की दोघं परत आत.

कृष्णेच्या घाटावर नेतो कधीकधी, नाहीतर हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात, तिथं वारणा कृष्णेला मिळते आणि संध्याकाळी वारं छान असतं. पण पाण्यात कुणालाच सोडत नाही, ना पोरांना ना वाघ्याला. कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी औदुंबरच्या पट्ट्यात तर नेहमी दिसतात. वाघ्या पाणी बघितलं की वेडा होतो त्यामुळं साखळी हाताला दोन वेढे देऊनच उभं राहावं लागतं.

आणि वाळवण. ह्या वर्षी सासूबाईंनी कुरडया मनावर घेतल्या. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा. गरम चिकावर तेल आणि मीठ घालून वाटीभर खायला मिळावा म्हणून पोरं कधी नव्हे ती पाचला उठून बसली होती. गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया पडल्या आणि राखणीला धाकटा, डोक्यावर आजोबांची काळी छत्री, हातात काठी, शेजारी वाघ्या. कावळा आला की धाकटा ओरडणार आणि वाघ्या भुंकणार, असं दोघांचं चालू होतं. नऊच्या पुढं मात्र मी वाघ्याला खाली आणलं कारण गच्चीची फरशी तव्यासारखी होते, तर धाकटा रडायला लागला की मी एकटा राखण कशी करू.

त्या दोघांचं हे असंच आहे. वाघ्या आला तेव्हा धाकटा दोन वर्षांचा होता, दोघं बरोबरच मोठे झाले, आणि धाकट्याचा नियम आहे की जे काही हातात असेल ते एक तुला, एक मला. बिस्कीट असलं तरी, पोळीचा तुकडा असला तरी. मला ह्याचं कौतुकच होतं, पाहुण्यांना दाखवायचे मी, बघा कसा वाटून खातो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

सांगलीच्या घरात बेदाणा नाही असं घर शोधून सापडायचं नाही. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, मिरज, सगळीकडं कुणाची ना कुणाची बाग असते, आमच्या मामांची तासगावकडं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर काम चालू असतं, द्राक्षं डीपिंग करून म्हणजे द्रावणात बुडवून जाळीवर टाकायची, सावलीत वाऱ्यावर दोनेक आठवडे वाळवायची, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. 2016 ला सांगलीच्या बेदाण्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामांनी पेढे वाटलेले. त्यांच्याकडून दरवर्षी पाच किलोचा बॉक्स येतो आणि उन्हाळाभर पोरं येताजाता मूठ मारतात. मीच सांगते खा म्हणून, बाहेरचं चॉकलेट खाण्यापेक्षा हे बरं.

मागच्या गुरुवारी दुपारी मी कपडे घड्या करत होते. धाकटा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेला, मांडीत त्याची स्टीलची छोटी वाटी, बारशाला आलेली, त्यात हिरवट पिवळा लांब बेदाणा. समोर वाघ्या. मला इथून ऐकू येत होतं, एक तुला, एक मला. वाघ्या बोटाला दात न लावता ओठांनीच उचलत होता, तो धाकट्याच्या हातातून कायम तसंच घेतो. मी बघितलं, आणि खरंच सांगते, मला इतकं गोड वाटलं की मी मोबाईल काढून व्हिडिओ केला. वाटी संपली, धाकट्याने परत भरून आणली.

तासाभराने वाघ्याने मोरीत उलटी केली. उन्हाळ्यात पित्त होतं म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही, पाणी टाकायला गेले तर त्यात बेदाणे, फुगून टपोरे झालेले, परत द्राक्षं झाल्यासारखे. तरी मला काही कळलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तो उन्हाचा त्रास असेल म्हणून औषध विचारायला. त्यांनी विचारलं काय खाल्लंय, मी म्हणलं काही नाही हो, बेदाणे खाल्लेत थोडे. एकदम त्यांचा आवाज बदलला. किती, किती वाजता, वजन किती, आणि आत्ताच्या आत्ता घेऊन या.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष असतात. त्याची किडनी जाऊ शकते. मी आयुष्यभर ह्या जिल्ह्यात राहिले, द्राक्षाच्या बागेत खेळून मोठी झाले, आणि हे मला 36व्या वर्षी रिक्षात कळलं, अठरा किलोचं कुत्रं मांडीवर घेऊन.

दवाखान्यात त्यांनी आधी उरलेलं सगळं उलटी करवून काढलं, मग कोळशाचं काळं औषध पाजलं, आणि सलाईन. म्हणाले लवकर आलात, पहिल्या दोन तासांत आलं की बरंच बाहेर काढता येतं. कुठल्या कुत्र्याला किती खाल्ल्यावर बाधेल ह्याचा काही नेम नाही, एखादं ओंजळभर खाऊन ठणठणीत राहतं आणि एखाद्याला थोडेसुद्धा पुरतात. बेदाण्यात सगळं आटून घट्ट झालेलं असतं म्हणून तो द्राक्षापेक्षा वाईट. बरीच वर्षं कारणच कळत नव्हतं, 2021 ला अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं, द्राक्षात ते भरपूर असतं. आणि चिंचेतही असतं, म्हणून चिंचसुद्धा द्यायची नाही.

शेजारच्या काकूंनी निघताना सांगितलं होतं मिठाचं पाणी पाज म्हणजे उलटी होईल, त्यांनी काळजीनेच सांगितलं, पण डॉक्टर म्हणाले ते कधीच करायचं नाही, मीठच अंगात चढतं आणि त्यानेच जनावर दगावू शकतं. घरी काही करत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

मग तीन दिवस. सकाळ संध्याकाळ सलाईन, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी रक्त तपासायचं, क्रिएटिनिन वाढतंय का बघायला, त्यावरून किडनीचं कळतं. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं लघवीवर लक्ष ठेवा, लघवी थांबली की धोका. हे धाकट्याने ऐकलं. त्याला मी काही बोलले नव्हते, रागावले तर अजिबात नव्हते, चूक माझी होती, मी समोर बसून व्हिडिओ काढत होते. पण त्याला सगळं कळलं होतं. तो जेवेना, वाटी त्याने कपाटाच्या मागं टाकून दिली होती, ती मला नंतर झाडताना सापडली. दिवसभर वाघ्याच्या मागं मागं. परसात गेला की हा मागं, गेटशी गेला की हा मागं. आणि प्रत्येक वेळी पळत येऊन मला, आई केली, वाघ्याने शू केली! मी फोनवर असो, भाकरी तव्यावर असो, केली गं आई, मोठी केली! शुक्रवारी रात्री दहाला ह्यांनी त्याला झोपवलं तर साडेअकराला उठून अंधारात मोरीच्या दाराशी बसलेला, वाघ्याच्या पाठीवर हात ठेवून. मी जवळ घेतलं तर कुजबुजत म्हणाला, मला माहीत नव्हतं. मी म्हणलं मला पण नव्हतं रे बाळा.

रविवारी दुसरा रिपोर्ट आला, नॉर्मल. ह्यांनी फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले थोडा वेळ.

मामांना सांगितलं तर त्यांना पटेना. म्हणाले, अगं शेडवर आमची चार कुत्री असतात, पडलेला माल खातात की, काय होत नाही. मी म्हणलं मामा, मागच्या साली तुमचं ते तांबडं कुत्रं कशानं गेलं? तर म्हणाले काय की, खायचं बंद झालं, दोन दिवस पडून होतं आणि गेलं. मग दोघंही गप्प बसलो. बेदाण्यानेच गेलं असं मी म्हणत नाही, कुत्रं कशानेही जाऊ शकतं, उन्हाळ्यात गोचीड तापानेही जातं. पण शेडवरच्या कुत्र्याचं रक्त कोण तपासतंय. मामांनी दुसऱ्या दिवशी गड्याला सांगून खाली पडलेला माल लगेच झाडून घ्यायला लावला, एवढं त्यांनी केलं ह्याचं मला फार बरं वाटलं.

म्हणून हे लिहितेय. आपल्याकडं कुत्रं पाळणारी घरं आता किती वाढलीत आणि बेदाणा तर घराघरात, शिऱ्यात, खिरीत, प्रसादात, लाडवात. देवाचा प्रसाद आपण कुत्र्याला श्रद्धेने देतो. त्यातला बेदाणा काढून द्या. भडंग देऊ नका, त्यात लसूण असतो आणि वरून आपण कांदा घालतो, दोन्हीने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराला तर कांदा आणखी वाईट. आंब्याची कोय चोखायला देऊ नका, गिळली तर आतड्यात अडकते. आणि ऊन लागून कुत्रं लडखडायला लागलं, जीभ लालभडक, तोंडाला चिकट लाळ, तर सावलीत आणून साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडं चला, बर्फाचं पाणी नको. त्याचं नेहमीचं अंग 101 ते 102.5 फॅरनहाईट असतं म्हणजे आपल्या हाताला ते कायम गरमच लागणार, 104च्या वर गेलं की मात्र थांबायचं नाही.

बेदाण्याचा बॉक्स आता वरच्या फळीवर, झाकणाला दोरी. पोरांना मी देते, ताटात, बसून खायचा, आणि तेवढा वेळ वाघ्या परसात. थोरलीने कागदावर द्राक्षाचा घड काढून त्यावर लाल फुली मारलीय आणि तो फ्रिजला लावलाय, खाली वाघ्याचं चित्र, कान जरा मोठे झालेत.

लाईट आली वाटतं, पंखा फिरायला लागला. सासूबाईंनी कलिंगड कापायला घेतलंय. धाकटा विचारतोय, आई, हे वाघ्याला चालतं? मी म्हणलं चालतं, साल नाही द्यायची आणि बिया काढायच्या. तर कपाटामागची ती वाटी मी धुऊन ठेवलेली, ती घेऊन बसलाय उंबऱ्यावर, फोडीतली एकेक बी बोटाने उकरून काढतोय, लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलंय, आणि वाघ्या मोरीतून उठून त्याच्यासमोर येऊन बसलाय.