तुम्ही विचारलेत म्हणून: लाकडी सर्फबोर्ड घरी कशाला?

"फोमचा बोर्ड तयार मिळत असताना लाकडाचा घरी कशाला करत बसता?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदा नीट उत्तर लिहून ठेवावेसे वाटले. माझा नऊ फुटी बोर्ड बारा किलो भरला, त्याला पाच महिने लागले, आणि प्लायवूड, पॉलोनिया या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, इपॉक्सी राळ व काचकापड यांचा हिशेब मांडला तर पैसेही वाचले नाहीत. पैसे वाचतील असे मी सुरुवातीला सर्वांना सांगत असे. ते खोटे ठरले.

मात्र लाकूड म्हणजे नुसती हौस, हे मला मान्य नाही. हवाई बेटांवर लाटांवर स्वार होण्याची विद्या कोआ आणि विलीविलीच्या लाकडावरच वाढली. अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी 1926 साली जुन्या हवाईयन बोर्डाच्या नमुन्यावर काम करताना वजन घटवण्यासाठी लाकडात शेकडो भोके पाडली, वर पातळ थर चढवला आणि 1932 साली पोकळ बोर्डाचे पेटंट मिळवले. मधोमध कणा, त्यावर फासळ्या आणि वरखाली पातळ पट्ट्या, ही माझ्या बोर्डाची रचना त्याच वाटेवरची आहे.

पोकळ बोर्डाला हवेचे एक बूच असते. पाण्यात उतरताना ते घट्ट बसवायचे आणि बाहेर येताच सैल करायचे. एके दिवशी मी ते सैल केले नाही. बोर्ड उन्हात ठेवून मी सावलीत बसले होते, तेव्हा आतून कडाड असा आवाज आला. बंद पोकळीतली हवा 25 अंशांवरून 55 अंश सेल्सियसपर्यंत तापली आणि तिला फुगायला जागा मिळाली नाही, तर दाब सुमारे एक दशांशाने वाढतो; ऐकायला हे थोडे वाटते, पण एक चौरस मीटर पृष्ठभागावर तो जवळजवळ एक टन वजनाइतका जोर लावतो. वरचा भाग मध्यावर उचलला गेला होता आणि कडेच्या सांध्यात नखाएवढी फट पडली होती.

कित्येक महिने मी हा दोष बुचावर आणि उन्हावर ढकलला. मग दुरुस्तीसाठी वरच्या पट्ट्या कापून काढल्या, आणि प्रथमच मला माझा बोर्ड आतून दिसला. सात फासळ्यांच्या माथ्यावर गोंद जवळजवळ नव्हताच. काही ठिकाणी तो न चिकटता तसाच वाळून काचेसारखा झाला होता. वरच्या पट्ट्या बसवल्या त्या रात्री मी थकले होते, क्लॅम्प कमी पडत होते, आणि हे पुन्हा कोणाला दिसणार नाही हे मला ठाऊक होते. तेव्हा माझ्या मनात तो विचार आला होता, हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. उन्हाने फक्त तो उघडकीला आणला.

"स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूवर विश्वास असतो" असे मी तेव्हा अभिमानाने म्हणत असे. आता तेव्हाची जी मी होते, तिला विचारावेसे वाटते की ज्या रात्री तू गोंद पुरवून पुरवून लावलास, त्या रात्री कोणावर विश्वास ठेवत होतीस? पण मला तिच्यावर नुसते रागावताही येत नाही, कारण फासळीवर पहिली पट्टी वाकवून बसवताना, रंध्याखालून निघणारे पातळ, लांब सालपट पाहताना ती जितकी सुखी होती तितकी मी त्यानंतर फार क्वचित झाले आहे. तयार बोर्ड मी वापरला आहे. तो हलका आहे, वळतोही चांगला, आणि तो विकत घेणाऱ्यांची मी कधीच चेष्टा केलेली नाही; मी तशी चेष्टा करते, ही तक्रार मात्र आता थांबवावी.

दुरुस्तीनंतर वजन आणखी वाढले आहे. दुसऱ्या बोर्डाच्या फासळ्या कापून भिंतीला टेकवल्या आहेत, आणि वरच्या पट्ट्या बसवण्याची वेळ अजून आलेली नाही.